देवळीचा ताम्रपट आणि तुल्य नमुन्याची निवड

सदोष वस्तूच्या परीक्षणास निर्दोष वस्तू शेजारी असावी लागते. परंतु ती कोणती असावी, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. प्लास्टिकच्या भागावरील रंगाचा थर सुटला म्हणजे जाणता परीक्षक त्याच साच्यातून निघालेला, त्याच खेपेत रंगविलेला, पण थर शाबूत राहिलेला भाग मागवितो. शक्य तर न रंगविलेलाही. दुसऱ्या जातीच्या प्लास्टिकचा उत्तम भाग समोर ठेवल्यास आढळणारा भेद बिघाडाचा की मूळ द्रव्याचा, हे ठरत नाही. ठेवणीतला जुना नमुना तर काळाने स्वतःच पालटलेला असतो. कोरीव लेखांच्या पाठनिश्चितीत हीच अडचण पदोपदी येते. वर्धा जिल्ह्यातील देवळी येथे मिळालेला राष्ट्रकूट ताम्रपट हे तिचे उत्तम उदाहरण होय.

हा ताम्रपट तिसऱ्या कृष्णाचा, शके 862 म्हणजे इ. स. 940 मधील आहे. त्याच राजाचा कऱ्हाड येथील ताम्रपट शके 880 चा, म्हणजे इ. स. 959 चा. दोहोंचे संपादन रा. गो. भांडारकर यांनी केले. 'एपिग्राफिया इंडिका'त कऱ्हाडचा लेख चौथ्या खंडात व देवळीचा पाचव्या खंडात आहे. वंशवर्णनाचे बहुतेक श्लोक दोन्ही लेखांत समान आहेत. एकाच राजसभेतील एका मसुद्याच्या या दोन प्रती मानाव्यात. त्यामुळे देवळीच्या पत्र्यावर एखादे अक्षर गळले किंवा मात्रा चुकली, तर तो कोरणाऱ्याचा प्रमाद की कवीचा प्रयोग, हे कऱ्हाडच्या पाठावरून पारखता येते. एका साच्यातले दोन भाग म्हणतात ते हेच.

मात्र कऱ्हाडच्या लेखात काही श्लोक अधिक आहेत. चोळांचे उच्चाटन, त्यांच्या भूमीची आश्रितांना वाटणी, चेर, पांड्य व सिंहल यांच्याकडून घेतलेली खंडणी, रामेश्वरी उभारलेला जयस्तंभ हा भाग देवळीत नाही. येथे उतावळा संपादक देवळीच्या लेखकाने श्लोक गाळले असे म्हणेल. वस्तुतः तक्कोलमचे युद्ध इ. स. 949 मधले. जे घडलेच नव्हते ते 940 मध्ये कोण कोरणार? दोन नमुन्यांतील हा भेद बिघाडाचा नसून एकोणीस वर्षांचा आहे. कऱ्हाडचे दान मेलपाटीच्या छावणीतून दिले गेले, ही गोष्टही त्याच विजयपर्वाची साक्ष देते.

याच कृष्णाची कन्नड प्रशस्ती मैहरजवळील जुरा येथे शिळेवर आहे. राजाच्या पराक्रमाचा पुरावा म्हणून तिचे मोल मोठे. पण देवळीच्या संस्कृत श्लोकातील पाठ सुधारण्यास ती निरुपयोगी आहे. भाषा निराळी, द्रव्य निराळे, रचनाही निराळी. राजा एक असणे एवढ्यावर नमुना तुल्य ठरत नाही.

खरी कसोटी लेखाच्या उत्तरार्धात लागते. दान दिलेले गाव नागपूर-नंदिवर्धन विषयात होते, असे तेथे म्हटले आहे. नागपूर या नावाचा हा सर्वांत जुना उल्लेख म्हणून सांगितला जातो, आणि नागपूरच्या इतिहासाचा आरंभ अनेक जण येथूनच करतात. परंतु या भागास कऱ्हाडचा लेख मुळीच उपयोगी नाही. तेथील गाव व सीमा कऱ्हाड प्रांतातल्या. प्रशस्ती मसुद्यातून येते, सीमा जमिनीवरून येतात. म्हणून येथे तुल्य नमुना विदर्भातच शोधला पाहिजे. नंदिवर्धन हे नाव वाकाटक काळातील प्रभावतीगुप्तेच्या पुणे ताम्रपटात येते, आणि रामटेकजवळील नगरधन हे त्याचे आजचे रूप मानले जाते. सीमेवरच्या नदीचे नाव कन्हानशी जुळविण्यात आले आहे. पण प्रभावतीगुप्तेचा लेख सुमारे पाच शतके आधीचा. नंदिवर्धन हे स्थळ कोणते, हे ठरविण्यास तो चालतो, देवळीतील अक्षरे वाचण्यास चालत नाही. 'नागपूर' या जोडपदातील पूर्वपदासाठी तर तोही आधार उरत नाही. हे पद स्वतंत्र नगराचे नाव, की नंदिवर्धनाच्या जोडीने येणारे प्रदेशनाम, आणि आजच्या शहराशी त्याचा संबंध किती, याचा निर्णय कृष्णाच्या प्रशस्तीशी तुलना करून होणार नाही. त्यासाठी त्याच प्रदेशातील, त्याच शतकातील दुसरे दानपत्र हवे.