व्हाइटी बल्जर : तर्क आणि पुरावा
जेम्स ‘व्हाइटी’ बल्जर (१९२९–२०१८) हा अमेरिकेतील बॉस्टन शहराचा कुख्यात टोळीप्रमुख. त्याच्या उदयामागे कोणाचा वरदहस्त होता, याविषयी अनेक तर्क झाले. धाकटे बंधू विल्यम १९७८ ते १९९६ या काळात मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सिनेटचे अध्यक्ष असल्याने संशय प्रथम त्यांच्यावर गेला. फरारी भावाशी दूरध्वनीवर बोलल्याची कबुली त्यांना भोवली आणि २००३ मध्ये विद्यापीठाचे अध्यक्षपद सोडावे लागले. मात्र त्यांच्यावर खटला कधीच झाला नाही.

न्यायालयात सिद्ध झाले ते दुसरेच नाते. बल्जरच्याच साउथ बॉस्टन वस्तीत वाढलेला एफबीआय अधिकारी जॉन कॉनली याने १९७५ मध्ये त्याला खबरी केले. प्रतिस्पर्धी माफियांच्या माहितीच्या मोबदल्यात त्याच्या गुन्ह्यांकडे काणाडोळा झाला. १९९४ च्या अखेरीस अटकेची आगाऊ खबरही कॉनलीनेच दिली. बल्जर पळाला, तो २०११ मध्ये कॅलिफोर्नियात सापडला. २०१३ मध्ये ११ खुनांतील सहभागाबद्दल त्याला दोन जन्मठेपा झाल्या. कॉनलीने फोडलेल्या माहितीतून घडलेल्या एका खुनाबद्दल तोही २००८ मध्ये दोषी ठरला. खबऱ्याला सांभाळताना कायदाच गहाण पडला, त्याची किंमत मृतांच्या कुटुंबीयांनी मोजली.