धरणातला मासा

कबनूरजवळच्या पंचगंगेत राधानगरीचे पाणी येते. 1907 साली शाहू महाराजांनी त्या धरणाची योजना आखली. 1922 साली महाराज गेले, काम पुरे झाले ते स्वातंत्र्यानंतर. शेताला पाणी मिळाले, पण माशांची वर चढायची वाट अडली.

रोहू, कटला हे उत्तरेकडचे नदीतले मासे. साचल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत. बीज नदीतूनच गोळा करावे लागे. 1957 साली हिरालाल चौधरींनी माशाच्याच ग्रंथीचा रस टोचून अंडी मिळवली. मग तलावांना बीज पुरू लागले.

थंडीत मासा खोल बसतो, कमी खातो. म्हणून तलावावर गळ दुपारी, उन्हाच्या काठाला, खोल टाकावा. पिलू लागले तर सोडून द्यावे. कुणीतरी सोडले, म्हणूनच ते तिथे आहे!