एका पेल्याची समता : कोरियातील चहाविधीचा बौद्ध इतिहास

बौद्ध देशांच्या सांस्कृतिक इतिहासाचा विचार करताना आपले लक्ष बहुधा ग्रंथ, स्तूप, लेणी आणि शिल्पे यांच्याकडे जाते. भिक्खूंच्या व उपासकांच्या नित्य वापरातील साध्या वस्तूंकडे आपण सहसा पाहत नाही. चहा ही अशीच एक वस्तू आहे. मराठीतील ‘चहा’ आणि कोरियन भाषेतील ‘चा’ हे दोन्ही शब्द एकाच चिनी शब्दापासून निघालेले आहेत. परंतु हा शब्द दोन्हीकडे ज्या वाटांनी पोहोचला त्या वाटा भिन्न होत्या. आपल्याकडे चहा मुख्यत्वे ब्रिटिश अमदानीत मळ्यांतून आणि बाजारपेठेतून घरोघर आला. कोरियात तो राजदरबार आणि विहार यांच्या मार्गाने आला. त्यामुळे तेथे चहापानाला एक शिस्त लाभली. तिला ‘दार्ये’, म्हणजे चहाचा विधी किंवा चहाची मर्यादा, असे म्हणतात.

‘विधी’ हा शब्द ऐकताच आपल्या वाचकांच्या मनात शंका उभी राहणे स्वाभाविक आहे व ती योग्यही आहे. तथागतांनी ज्या दहा संयोजनांचा निर्देश केला त्यांत ‘सीलब्बतपरामास’ हे तिसरे आहे. केवळ व्रते व कर्मकांड यांनी शुद्धी होते, ह्या समजुतीला चिकटून राहणे, असा त्याचा अर्थ. मग कोरियन बौद्धांचा चहाविधी हा सीलब्बतपरामासाचाच एक प्रकार आहे, की तो स्मृतीच्या म्हणजे ‘सति’च्या अभ्यासाचे एक साधन आहे? ह्या प्रश्नाचे उत्तर इतिहासातूनच शोधले पाहिजे. आणि तसे करताना चहा कोणी प्याला एवढेच न पाहता, तो कोणी खुडला आणि कोणाच्या हातून कोणी स्वीकारला, हेही पाहिले पाहिजे.

विनयातील आधार

पालि तिपिटकात चहाचा उल्लेख नाही. तथापि पेयांविषयीचा विचार विनयात सविस्तर आढळतो. महावग्गातील भेसज्जक्खन्धकात केणिय जटिलाच्या प्रसंगी भगवंतांनी आठ पानांना अनुज्ञा दिली. आंबा, जांभूळ, दोन प्रकारची केळी, मोह, द्राक्ष, कमळकंद आणि फालसा यांपासून केलेली ही पाने होत. त्याच ठिकाणी भाजीचा रस वगळून सर्व पानांच्या म्हणजे पर्णांच्या रसालाही अनुज्ञा आहे. विकालभोजन वर्ज्य असलेल्या संघाला पर्णरसाची ही मोकळीक पुढे किती उपयोगी पडली असेल, याची कल्पना करता येते. चीनमधील ध्यानसंप्रदायाच्या विहारांत चहा रुजला तो निद्रा आणि आळस दूर ठेवणारे पेय म्हणून. थीनमिद्ध हे पाच नीवरणांपैकी एक आहे. जागरियानुयोग हे साधकाचे कर्तव्य आहे. चहाचे प्रयोजन असे मुळात व्यवहारी होते. त्यात गूढ काही नव्हते.

आख्यान आणि इतिहास

कोरियात चहा केव्हा आला, ह्याविषयी एक लोकप्रिय कथा सांगितली जाते आणि तिचा संबंध भारताशी जोडला जातो. ‘अयुता’ देशाची राजकन्या हो ह्वांग-ओक इ.स. ४८ मध्ये समुद्रमार्गे आली, कारक राज्याच्या सुरो राजाची राणी झाली व तिने चहाचे बी सोबत आणले, अशी ही कथा आहे. अयुता म्हणजे अयोध्या असे मानून २००१ साली अयोध्येत तिचे स्मारकही उभारण्यात आले. परंतु अभ्यासकाने येथे सावध राहिले पाहिजे. राणीच्या आगमनाची कथा भिक्खू इर्योन याच्या ‘सामगुक युसा’ ह्या तेराव्या शतकातील ग्रंथात आहे, म्हणजे कथित घटनेनंतर बाराशे वर्षांनी लिहिलेली आहे. त्या कथेत राणीने आणलेल्या वस्त्रालंकारांचा उल्लेख येतो, चहाच्या बियांचा येत नाही. बियांची जोड नंतरच्या परंपरेने दिली आहे. भारताचा गौरव होतो म्हणून एखादी कथा इतिहास ठरत नाही. कालामसुत्ताचा उपदेश आपल्याला सुखावणाऱ्या कथांनाही लागू आहे.

निश्चित आधार मिळतो तो किम बु-सिक याने ११४५ साली पूर्ण केलेल्या ‘सामगुक सागी’ ह्या इतिहासग्रंथात. सिल्ला राज्याचा दूत देर्योम हा ८२८ साली चीनच्या तांग दरबाराहून परतताना चहाचे बी घेऊन आला व हुंगदॉक राजाने ते जिरी पर्वतावर लावविले, अशी नोंद त्यात आहे. चहा राणी सन्दॉक हिच्या काळापासून, म्हणजे सातव्या शतकाच्या पूर्वार्धापासून माहीत होता. पण त्याचा प्रसार ह्या वेळी झाला, असेही तो ग्रंथ सांगतो.

‘सामगुक युसा’मधील आणखी एक प्रसंग उल्लेखनीय आहे. आठव्या शतकात छुंगदाम नावाचा भिक्खू वर्षातून दोनदा, तिसऱ्या महिन्याच्या तृतीयेस आणि नवव्या महिन्याच्या नवमीस, राजधानी ग्यंगजूजवळील नामसान डोंगरावरील मैत्रेय बुद्धाच्या मूर्तीला चहा अर्पण करीत असे. असाच एकदा परत येत असता ग्यंगदॉक राजाने त्याला पाहिले. जीर्ण चीवर आणि पाठीवर चहाची भांडी, एवढेच त्याच्याजवळ होते. राजाने चहा मागितला. भिक्खूने तो करून दिला. नंतर राजाच्या विनंतीवरून त्याने प्रजेच्या कल्याणाविषयी एक गीत रचले. राजाने राजगुरुपद देऊ केले, ते मात्र त्याने नाकारले. बुद्धमूर्तीपुढे ठेवलेला चहा आणि राजाच्या हाती दिलेला चहा एकाच भांड्यातला होता, आणि देणाऱ्याला त्याच्या मोबदल्यात काही नको होते. कोरियन चहापरंपरेचे बीज ह्या प्रसंगात दिसते.

वैभव आणि वेठ

गोर्यो राजवटीत (९१८–१३९२) बौद्ध धम्म राजाश्रित होता आणि चहाला मोठे वैभव प्राप्त झाले. दरबारात चहाचे स्वतंत्र खाते होते. संस्थापक वांग गन याने ९४३ साली आपल्या वंशजांना जे दहा उपदेश दिले, त्यांत दीपोत्सव आणि ‘फालग्वानहे’ हे दोन उत्सव चालू ठेवण्याची आज्ञा होती. फालग्वानहे ह्या नावाचा अर्थ अष्टशीलांचा मेळा असा आहे. आपले उपासक-उपासिका उपोसथाच्या दिवशी जी आठ शीले ग्रहण करतात त्यांच्याच नावाने हा उत्सव ओळखला जाई. ह्या दोन्ही उत्सवांत राजाला व बुद्धाला चहा अर्पण करण्याचा विधी असे. देहदंडासारख्या गंभीर शिक्षेचा निर्णय करण्यापूर्वी राजा व मंत्री यांनी चहा घ्यावा, असाही दरबारी रिवाज होता. मनुष्याच्या प्राणाचा निर्णय क्षुब्ध मनाने होऊ नये, ही त्यामागील दृष्टी असावी.

परंतु ह्या वैभवाची दुसरी बाजू लपविता येत नाही. दरबाराला लागणारा चहा पुरविण्यासाठी विशिष्ट वस्त्या बांधून दिलेल्या होत्या. कवी यी ग्यू-बो (११६८–१२४१) हा स्वतः चहाचा भोक्ता होता. तरीही त्याने आपल्या एका कवितेत जिरी पर्वताजवळील ह्वागे येथील रयतेची दैना मांडली आहे. कोवळी पाने वेळेआधी मिळावीत म्हणून अधिकारी थंडीतच म्हाताऱ्याकोताऱ्यांना व मुलांना डोंगरात पिटाळीत आणि तो माल त्यांच्याच खांद्यांवरून दूरच्या राजधानीला वाहून नेला जाई. हा चहा म्हणजे रयतेचे रक्तमांस आहे आणि ही वेठ संपविण्यासाठी चहाची झाडेच जाळून टाकणे बरे, असा त्याचा आशय आहे. ज्या पेल्याने मन शांत होते तो पेला दुसऱ्याच्या दुःखातून भरलेला असेल, तर त्या शांतीला सम्यक् कसे म्हणावे? सम्मा आजीवाचा हा प्रश्न आठशे वर्षांपूर्वी एका चहाप्रेमी माणसाने विचारला, ही गोष्ट त्या परंपरेला भूषणावहच आहे.

हीन गणलेल्या भिक्खूचा पेला

१३९२ नंतर जोसन राजवंशाने कन्फ्यूशियसच्या मताला राजमान्यता दिली आणि बौद्ध संघाचा संकोच सुरू झाला. १४२४ साली सेजोंग राजाने सर्व संप्रदाय दोन गटांत कोंबले व केवळ छत्तीस विहारांना मान्यता ठेवली. भिक्खूंना राजधानीच्या वेशीच्या आत येण्यास बंदी झाली. ती १८९५ साली उठली. कागद बनविणे, तटबंदी बांधणे अशी कामे संघावर लादली गेली. समाजव्यवहारात भिक्खूची गणना गुलाम, खाटीक, नर्तकी यांच्यासमवेत हीन वर्गांत होऊ लागली. चहाचा प्रसारही ओसरला. पितरांच्या विधीला आजही ‘चार्ये’ म्हणजे ‘चहाचा विधी’ असे नाव आहे, पण त्यात चहाऐवजी मद्य अर्पण केले जाते. नाव राहिले, वस्तू गेली.

ह्या पडत्या काळात परंपरा टिकविली ती दक्षिणेकडील काही भिक्खूंनी. कांगजिन येथे हद्दपारीत (१८०१–१८१८ ह्या हद्दपारीच्या काळातील बहुतेक वर्षे) राहिलेला थोर विद्वान जंग याक-योंग याची १८०५ च्या सुमारास बेंगन्यनसा विहारातील भिक्खू ह्येजांग याच्याशी मैत्री झाली. त्याने ह्येजांगकडे चहाची याचना करणारे एक पत्र लिहिले, ते प्रसिद्ध आहे. जंगला लोक ‘दासान’ म्हणजे ‘चहाचा डोंगर’ ह्या नावाने ओळखतात. उच्चकुलीन विद्वान याचक झाला आणि हीन गणलेला भिक्खू दाता झाला, हे येथे ध्यानात घ्यावे.

ह्याच जंगकडे १८०९ साली चोउई (१७८६–१८६६) हा तरुण भिक्खू अध्ययनासाठी आला. पुढे हेनाम येथील देहुंगसा विहाराच्या डोंगरावर त्याने इल्जी-आम ही कुटी बांधली व तेथे दीर्घकाळ वास्तव्य केले. जिरी पर्वतावरील एका विहारात आढळलेल्या चिनी संग्रहातून उतरवून त्याने १८३० साली ‘चासिनजन’ हा चहाविषयक ग्रंथ सिद्ध केला. १८३७ साली राजाचा जावई होंग ह्यन-जू याच्या विचारणेवरून त्याने ‘दोंगदासोंग’, म्हणजे ‘पूर्वेकडील चहाची प्रशस्ती’ ही पद्यरचना केली. कोरियातील चहा रंग, गंध व रस ह्यांत चिनी चहापेक्षा उणा नाही, असे त्याने त्यात प्रतिपादिले. सुलेखनकार किम जंग-हुई (१७८६–१८५६) हा त्याचा समवयस्क मित्र. किमला १८४० साली जेजू बेटावर हद्दपार करण्यात आले, तेव्हा चोउई त्याला चहा पाठवीत राहिला आणि समुद्र ओलांडून भेटीसही गेला. चहा लवकर पाठव, अशी प्रेमळ दटावणी करणारी किमची पत्रे उपलब्ध आहेत.

राजधानीच्या वेशीत ज्याला प्रवेश नाही, त्याच्या हातचा चहा देशातील श्रेष्ठ विद्वान मागून घेतात, ह्या घटनेचा अर्थ आपल्या वाचकांना वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. हॉटेलाबाहेर वेगळ्या ठेवलेल्या कपबशीची आठवण आपल्याकडील पिढ्यांना आहे. अर्थात साम्य मर्यादेतच मानले पाहिजे. भिक्खूची हीनता जन्मसिद्ध नव्हती. कोरियात जन्माने बहिष्कृत होते ते ‘बेकजंग’ म्हणजे खाटिकादी लोक. त्यांनी १९२३ साली जिंजू शहरात ‘ह्यंगप्यंगसा’ ही समतेची संघटना उभारली. तराजूच्या दांडीचा समतोल हे त्या नावामागील रूपक आहे. विद्वान व भिक्खू यांच्या पेल्यातील समता ह्या लोकांच्या दारापर्यंत पोहोचली होती, असे इतिहास सांगत नाही. मैत्रीने व्यक्ती जवळ येतात. व्यवस्था बदलण्यासाठी संघटना लागते.

विधीचे स्वरूप

आज जो विधी पाहावयास मिळतो त्याची मांडणी बरीचशी विसाव्या शतकातील आहे. जपानी सत्तेनंतर (१९१०–१९४५) जुन्या ग्रंथांच्या आधारे ती पुन्हा उभी करण्यात आली. दासोलसा विहाराचे ह्योदांग छ्वे बम-सुल (१९०४–१९७९) यांच्या १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या कोरियन चहामार्गावरील पुस्तकाचा त्यात मोठा वाटा आहे. १९८१ साली जिंजू येथेच २५ मे हा ‘चहादिन’ म्हणून जाहीर झाला. ह्वागे खोऱ्यातील पारंपरिक चहाशेतीला २०१७ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक कृषिवारसा म्हणून मान्यता दिली.

जपानी विधीत चहाची पूड घुसळतात. कोरियात प्रामुख्याने हिरवी पाने भिजवितात. २० एप्रिलच्या सुमारास येणाऱ्या पर्वापूर्वी खुडलेली कोवळी पाने श्रेष्ठ मानतात. ती तापलेल्या लोखंडी कढईत हातांनी परततात, चोळतात आणि पुन्हा परततात. विधीसाठी चहादाणी, पेले आणि पाणी निवविण्याचे एक तोटीचे भांडे लागते. उकळते पाणी प्रथम ह्या भांड्यात ओतून सुमारे ७० अंश सेल्सिअसपर्यंत निवू देतात, कारण अतिउष्ण पाण्याने कोवळी पाने कडवट होतात. तोवर सर्वजण स्वस्थ बसतात. मग पाने भिजवून चहा पेल्यांत ओततात. पण एक पेला भरून दुसरा भरीत नाहीत. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत थोडा थोडा ओतून, शेवटच्यापासून पहिल्याकडे परत येत उरलेला ओततात. चहादाणीतील पहिली धार फिकी आणि शेवटची दाट असते. ह्या रीतीने सर्वांच्या पेल्यांत सारख्याच गुणाचा चहा येतो. पिणारा प्रथम रंग पाहतो, मग गंध घेतो आणि तीन घोटांत रस चाखतो. कडू, गोड, आंबट, खारट व तुरट असे पाच रस त्यात सांगितले आहेत. विहारातील सहा अर्पणांत सुगंध, दीप, पुष्प, फळ व अन्न यांच्याबरोबर चहा असतो. नित्याच्या वंदनेत मात्र बहुधा स्वच्छ पाणीच ठेवतात आणि त्यालाच चहा मानण्याची गाथा म्हणतात.

आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. चहा ओतल्याने शुद्धी होते असे कोणी मानील तर तो सीलब्बतपरामासच होय. परंतु पाणी निवेपर्यंत थांबणे, हाताच्या प्रत्येक हालचालीकडे लक्ष ठेवणे, पहिल्या व शेवटच्या माणसाला सारखेच मिळेल अशी काळजी घेणे, हे सति आणि मेत्ता यांचे आचरण आहे. ते जिरी पर्वतावरच्या चहानेच होईल असे नाही. आपल्या विहारांत वंदनेनंतर उपासक-उपासिकांना चहा दिला जातो. तो कोण करतो, भांडी कोण घासतो आणि शेवटी बसलेल्याला काय मिळते, एवढे तीन प्रश्न आपण जरी स्मृतिपूर्वक विचारले, तरी कोरियातील ह्या परंपरेचे मर्म आपल्या हाती आले असे म्हणता येईल.