टोपीवरचा बिल्ला आणि आपल्या पेन्शनरांचे अर्ज



विहाराच्या वर्धापन दिनाच्या या स्मरणिकेत आपल्या समाजाच्या इतिहासाची काही पाने असावीत, असे सर्वांचे मत पडले. म्हणून आम्ही लष्कराचा विषय घेतला आहे. सातारा-सांगली हा पहिल्यापासून फौजेत माणसं धाडणारा मुलुख. आपले पलूसही १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होते. त्या साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. या मुलुखातल्या पलटणींचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला. आपल्या माणसांनी पलटणीत परत घेण्यासाठी किती अर्ज लिहिले, तो इतिहास मात्र घरोघरी ठाऊक नाही. लढाई एका दिवसात संपली, अर्जांची लढाई जवळजवळ पन्नास वर्षे चालली.

दगडावरची नोंद

१ जानेवारी १८१८ रोजी भीमा नदीच्या काठी कोरेगावला कंपनी सरकारची फौज आणि दुसऱ्या बाजीराव पेशव्याची फौज यांची लढाई झाली. कॅप्टन स्टॉन्टन याच्या हाताखाली पायदळ, घोडदळ आणि तोफखाना मिळून आठशेच्या आसपास माणसे होती. दिवसभर उन्हातान्हात, पाण्यावाचून ती लढली. पुढे १८२१ साली तिथे स्तंभाचा पाया घातला गेला. त्या स्तंभावर कंपनीच्या पलटणीतील पडलेल्या ४९ शिपायांची नावे आहेत. त्यांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. 'नाक' म्हणजे त्या काळच्या आपल्या माणसांच्या नावाची ओळख. इतर जातिधर्मांचे शिपाईही तिथे लढले आणि पडले, हेही सांगितले पाहिजे.

लढाईत पेशव्याचे सैन्य किती होते, त्यातले प्रत्यक्ष किती लढले, जय कोणाचा म्हणायचा, यावर विद्वानांचे वाद आहेत. ते चालू द्यावेत. पण नावांवर वाद नाही. ती कोरलेली आहेत. ज्या काळी गावात आपल्या माणसाचे नाव कुणी नीट घेत नव्हते, त्या काळी सरकारने ते दगडावर कोरून ठेवले. पुढच्या पिढ्यांना हीच नोंद उपयोगी पडली.

कागदावरची नोंद फिरली

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याच्या फौजेत आपली माणसं शिपाई झाली, हवालदार, जमादार, सुभेदार झाली, सुभेदार मेजरच्या हुद्द्यापर्यंत पोचली. फौजेत गेल्याने पगार आणि पेन्शन मिळे, ही एक गोष्ट. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. पलटणीत शाळा असे आणि शिपायांच्या मुलामुलींना तिथे शिकावे लागे. गावच्या शाळेत आपले पोर दाराबाहेर बसवले जाई, त्याच काळात पलटणीतल्या आपल्या घरांत बायकासुद्धा वाचायला शिकत होत्या. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे अशाच लष्करी शाळेत चौदा वर्षे हेडमास्तर होते.

लॉर्ड रॉबर्ट्स हे १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती होते. काही जाती जन्मानेच लढाऊ आणि बाकीच्या लढाईला नालायक, असे मत त्यांच्या काळात फौजेत बळावले. भरती जातवार होऊ लागली. शिवाय वरच्या म्हणवणाऱ्या जातींचे शिपाई अस्पृश्य सुभेदाराचा हुकूम मानायला नाखूश, ही सबब होतीच. १८९२-९३ च्या सुमारास आपल्या लोकांची भरती बंद झाली. ज्यांच्या बापजाद्यांची नावे कोरेगावच्या दगडावर, त्यांच्या नातवंडांपुढे कागदावर 'लढाऊ नाही' असा शेरा पडला.

याचा अर्थ घरात काय झाला, हे आपल्याला समजावून सांगायला नको. पगार गेला, पेन्शन गेली, शाळा गेली. पोरांच्या वाट्याला पुन्हा गावकी, वेसकरपण आणि बलुत्याची भाकरी आली.

हवालदार वलंगकर ते शिवराम जानबा

या शेऱ्याविरुद्ध पहिल्यांदा उभे राहिले ते पेन्शनीत निघालेले सैनिकच. गोपाळ बाबा वलंगकर हे महाडजवळच्या रावढळचे. १८८६ साली फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि दापोलीला राहिले. त्यांनी अनार्य दोष परिहारक मंडळी स्थापन केली. १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका लिहून अस्पृश्यता पाळणाऱ्यांना जाहीर प्रश्न विचारले. १८९४ साली त्यांनी लष्करी अधिकाऱ्यांसाठी अर्ज तयार केला. आमच्या लोकांनी सरकारची इमानाने चाकरी केली, मग आम्हाला भरतीतून का वगळता, असा त्याचा रोख. सुभेदार रामजींनीही या बंदीविरुद्ध अर्ज करण्यासाठी न्यायमूर्ती रानडे यांची मदत घेतली, असे बाबासाहेबांचे चरित्रकार सांगतात.

जरा विचार करा. ही माणसे स्वतः पेन्शनीत होती. त्यांना स्वतःला पुन्हा नोकरी नको होती. सरकारच्या विरुद्ध लिहिले म्हणून पेन्शनीवर गदा आली असती तर म्हातारपणी खायचे काय, ही धास्ती असणारच. तरीही त्यांनी लिहिले, ते पुढच्या पोरांसाठी.

पुढे हे काम पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी हाती घेतले. सासवडला एक्कावन्न गावच्या आपल्या लोकांची सभा भरवून त्यांनी दीड हजारांवर सह्यांचा अर्ज मुंबई सरकारकडे धाडला. १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' हे पत्र सुरू केले. १९१० साली त्यांनी थेट विलायतेत, भारतमंत्री लॉर्ड क्रू यांच्याकडे अर्ज पाठवला. मागणी काय होती? सरकारी नोकरीतली खालच्या पायरीची कामे, पोलिसात जागा आणि फौजेत शिपाई म्हणून भरती. मोठेपणा मागितला नव्हता, दार उघडा एवढेच म्हटले होते. कोरेगावच्या स्तंभाजवळ सभा भरवून त्या दगडाची आठवण समाजात जागी ठेवण्याचे कामही त्यांनी केले. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे आले, त्यामागे या आधीच्या माणसांची मेहनत होती.

सुभेदाराचा मुलगा आणि मसूरचे स्टेशन

हुद्द्याचा बिल्ला पलटणीच्या आवाराबाहेर किती कामाचा होता, याचे उदाहरण आपल्याच भागात घडले. सुभेदार रामजी निवृत्तीनंतर साताऱ्यात येऊन राहिले. भीमाबाईंचे निधन तिथेच झाले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाल भीमरावाचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात घातले गेले. रामजी तेव्हा खटाव तालुक्यातील गोरेगावला दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार होते. सुट्टीत वडिलांना भेटायला मुले रेल्वेने निघाली आणि मसूरला उतरली. मसूर म्हणजे आपल्या किर्लोस्करवाडीच्याच लाइनवरचे स्टेशन.

मुलांचे कपडे चांगले, बोलणे चांगले. स्टेशनमास्तरने जात विचारली आणि मुलांनी खरे सांगितले. मग गाडीवाला मिळेना. शेवटी दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकून मुले निघाली. रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनी स्वतः हे लिहून ठेवले आहे. ज्या सुभेदाराला पलटणीत शिपाई सलाम ठोकत होते, त्याच्या लेकरांना गावच्या वाटेवर घोटभर पाणी नाही. म्हणून आपल्या पेन्शनरांनी अर्ज लिहिले ते नुसत्या पगारासाठी नव्हते, माणूस म्हणून आपली नोंद व्हावी यासाठीही होते.

बिल्ल्यावर स्तंभ आला

पहिले महायुद्ध पेटले आणि माणसे कमी पडू लागली. तेव्हा सरकारला आपली आठवण झाली. १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली. गरज संपली आणि १९२१ साली ती मोडली. लढाऊ नसलेली जात युद्धात लढाऊ ठरते आणि युद्ध संपल्यावर पुन्हा नालायक ठरते, हा न्याय कसला?

त्या युद्धानंतर सरकारने अनेक गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या. या गावातून इतके लोक युद्धावर गेले, त्यांतले इतके कामी आले, एवढेच त्यावर लिहिलेले असते. आकडा आहे, पण नाव नाही. त्या आकड्यात आपले किती, हे पाटी सांगत नाही.

बाबासाहेबांनी हा प्रश्न कधी सोडला नाही. गोलमेज परिषदेतही फौजेची भरती सर्वांना खुली असावी असा आग्रह त्यांनी धरला. १९४१ साली ते व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले. त्यांनी मागणी लावून धरली आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. पहिली बटालियन बेळगावला, दुसरी कामठीला. दुसऱ्या बटालियनमधल्या एका कॅप्टनने टोपीवरच्या बिल्ल्याचा नमुना तयार केला. त्यावर होता कोरेगावचा स्तंभ आणि अक्षरे होती 'महार'.

१८९३ च्या सुमारास पडलेला शेरा अशा रीतीने खोडला गेला. ज्या दगडाकडे बोट दाखवून आपले म्हातारे अर्ज लिहीत राहिले, तोच दगड त्यांच्या नातवाच्या टोपीवर चढला. वलंगकर १९०० साली वारले आणि रामजी १९१३ साली. त्यांना हा बिल्ला पाहायला मिळाला नाही.

१९४६ साली रेजिमेंट मशीनगनची झाली, तेव्हा बिल्ल्यावर स्तंभाबरोबर एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या दोन मशीनगन आल्या. पुढे स्वतंत्र भारतात स्तंभ काढून त्या जागी खंजीर आला. 'यश सिद्धि' हे रेजिमेंटचे ब्रीद. आज तिच्यात सर्व प्रांतांचे, सर्व जातिधर्मांचे जवान आहेत. जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटचे. ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना १९८७ साली श्रीलंकेत आलेल्या वीरमरणाबद्दल परमवीर चक्र मिळाले. बिल्ल्यावरचा स्तंभ गेला याचे काहींना वाईट वाटते. आम्हाला वाटते, बिल्ला बदलला तरी हरकत नाही, पण तो तिथे कसा आला होता हे पोरांना माहीत पाहिजे.

धम्म घेतल्यावर हे कशाला?

काही तरुण विचारतात की १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी आपल्याला जातीतून बाहेर काढले, मग पलटणीचे आणि जातीच्या नावाचे कौतुक कशाला? प्रश्न बरोबर आहे. आपण जातीचा अभिमान सांगत नाही. युद्धाचा गौरव करणे हा बुद्धाचा मार्ग नव्हे. पण सम्यक वाचा म्हणजे खरे बोलणे. आपल्या पूर्वजांविषयी खोटी नोंद झाली होती आणि त्यांनी हात जोडून नव्हे, पुरावा दाखवून ती दुरुस्त करायला लावली. धम्माच्या घरात हे सांगायला काहीच अडचण नाही.

आपल्या घरातली ट्रंक

आता थोडे कामाचे. पेन्शनर म्हाताऱ्यांच्या ट्रंकेत डिस्चार्ज बुक, पी.पी.ओ., पदके, जुने फोटो असतात. माणूस गेला की ट्रंक माळ्यावर जाते आणि कागदाला वाळवी लागते. पदक भंगारात जाते. तेव्हा आमची विनंती अशी.

पदके नीट पाहा. पुष्कळ पदकांच्या कडेवर नंबर, नाव आणि पलटण बारीक अक्षरात कोरलेली असते. ते एका वहीत उतरवून घ्या.

डिस्चार्ज बुकातले नाव, जन्मतारीख, हुद्दा, पत्नीचे नाव तपासा. आडनाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर वेगळे, असे आपल्या घरांत फार आढळते. विधवा पेन्शनच्या वेळी हीच चूक आडवी येते. माजी सैनिक हयात असतानाच दुरुस्तीचा अर्ज करावा. अर्ज त्या त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला जातो. महार रेजिमेंटचे रेकॉर्ड ऑफिस मध्य प्रदेशात सागर येथे आहे. अर्जावर आर्मी नंबर, हुद्दा, युनिट लिहावे आणि पुराव्याच्या झेरॉक्स जोडाव्यात. मूळ कागद कधीही धाडू नये. हुद्द्याची नोंद चुकली असेल किंवा मिळायचे पदक राहून गेले असेल, तरी वाट हीच. सांगलीचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय यात मार्गदर्शन करते. तिथूनही काम झाले नाही, तर २००७ च्या कायद्याने सशस्त्र सेना न्यायाधिकरण स्थापन झाले आहे, तिथे दाद मागता येते.

आणि अर्जाची प्रत जपून ठेवा. पोच घ्या. शिवराम जानबांनी विलायतेला अर्ज धाडला तेव्हा त्यांच्याकडे ना टेलिफोन होता, ना वशिला. शाई, कागद आणि चिकाटी एवढ्यावर त्यांनी काम केले. आपल्याकडे आज शिकलेली मुलं-मुली आहेत. ज्या म्हातारीला अर्ज लिहिता येत नाही, तिच्याशेजारी त्यांनी बसावे आणि तिच्या मालकाचे नाव, नंबर, पलटण विचारून लिहून द्यावे. विहाराच्या कपाटात अशी एक वही राहिली, तर पुढच्या पिढीला आकड्याऐवजी नावे वाचायला मिळतील.

जय भीम, नमो बुद्धाय.