‘डॉक्टर मासा’ आणि दख्खनचा मल्या

शाळेची सहल अजिंठ्याला गेली, की लेणी पाहून झाल्यावर मुलांचे लक्ष खाली वाघूर नदीकडे जाते. डोहात पाय सोडून बसले, की बारीक मासे येऊन पायांना गुदगुल्या करतात, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी कोठल्या ना कोठल्या नदीवर घेतला असेल. शहरांतल्या मॉलमध्ये हाच अनुभव ‘फिश स्पा’ म्हणून विकत मिळतो. ‘याने त्वचारोग बरे होतात’ असेही सांगितले जाते. ते कितपत खरे आहे?

आधी माशाची ओळख करून घेऊ. एप्रिल १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातील खांबावर आपले नाव कोरले. त्या काळी असे अधिकारी दख्खनमधील लेणी, पिके, प्राणी यांच्या नोंदी करीत होते. त्यांतलाच एक विल्यम हेन्री साइक्स. त्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली आणि शास्त्रीय नावांत अनेक ठिकाणी मराठी नावेच ठेवली. त्यांतला ‘मल्या’ आज शास्त्रज्ञांना ‘गारा मुल्या’ म्हणून ठाऊक आहे. त्याचे तोंड डोक्याच्या खालच्या बाजूस असते. हनुवटीवरच्या चकतीने तो दगडाला चिकटतो आणि शेवाळ खरवडून खातो.

फिश स्पामधला ‘गारा रूफा’ हा मल्याचा पश्चिम आशियातील भाऊबंद. ऑस्ट्रियाच्या हेकेलने १८४३ मध्ये त्याचे वर्णन केले. तुर्कस्तानात कांगल येथे सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमानाचे झरे आहेत. त्या ऊन पाण्यात माशांना खाद्य कमी मिळते, त्यामुळे ते माणसाच्या अंगावरची मृत त्वचा खातात. सोरायसिस या विकारात त्वचेच्या पेशी फार वेगाने तयार होऊन खवल्यांसारखे थर साचतात. हे थर मासे खरवडून काढतात. तेव्हा रुग्णांची तेथे रीघ लागली, यात नवल नाही. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानेही या ‘डॉक्टर माशा’ची दखल घेतली.

पण थर निघाला म्हणजे रोग गेला का? सोरायसिसचे मूळ शरीराच्या प्रतिकारयंत्रणेत असते आणि तेथपर्यंत मासा पोहोचत नाही. २००६ मध्ये ऑस्ट्रियातील ६७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन आठवड्यांच्या उपचारानंतर लक्षणांची तीव्रता सरासरी सुमारे ७२ टक्क्यांनी कमी झाली होती. आकडा मोठा आहे. मात्र या रुग्णांना माशांबरोबर अतिनील किरणांचाही उपचार दिला होता आणि माशांशिवाय तोच उपचार घेणारा दुसरा गट तुलनेला नव्हता. मग श्रेय माशांना द्यायचे, की किरणांना? कांगलच्या उघड्या झऱ्यांवरही ऊन असतेच. म्हणजे रुग्णांना आराम पडला हे खरे; कशाने पडला, हे या अभ्यासातून सिद्ध होत नाही.

मॉलमधल्या टाकीची गोष्ट आणखी वेगळी. तेथे झऱ्याचे वाहते पाणी नसते आणि एकाच टाकीत दिवसभर अनेकांचे पाय बुडतात. मासे पाण्यात असताना ते जंतुनाशकाने शुद्ध करता येत नाही. २०११ मध्ये इंडोनेशियातून ब्रिटनला आलेल्या गारा रूफामध्ये रोगकारक जिवाणू आढळले. त्यांतले काही प्रतिजैविकांना दाद देत नव्हते. शिवाय गारा रूफाच्या नावाखाली दात असलेले दुसरे मासेही वापरले जातात. पायाला जखम असलेल्यांनी आणि मधुमेह्यांनी तर या टाकीपासून दूरच राहावे.

आपल्या वर्गातही सोरायसिस असलेला एखादा विद्यार्थी असू शकतो. त्याच्याशेजारी बसायला इतर मुले कचरत असतील, तर हा रोग स्पर्शाने पसरत नाही हे त्यांना सांगायला हवे. त्याच्या पालकांना त्वचारोगतज्ज्ञाकडे जाण्यास सुचवावे. सोरायसिस मुळापासून घालवता येत नसला तरी औषधांनी आटोक्यात ठेवता येतो.

आणि ‘रामबाण’ उपचाराची जाहिरात वर्गात आणून मुलांना तीन प्रश्न विचारायला लावावेत. किती रुग्णांवर पाहिले? सोबत दुसरे काय दिले होते? तुलना कोणाशी केली? हे प्रश्न विचारायची सवय लागली, तर ती मुलांना पुढे आयुष्यभर उपयोगी पडेल.