छपरी पलंग ते लीलाबाईंचं घर: आपले कच्चे गुन्हेगार

नाशिकहून बोलतोय. मध्येच रिक्षाचा हॉर्न आला तर सांभाळून घ्या, खिडकी रस्त्यावर उघडते.

आजचा विषय आहे मराठी विनोदातला कच्चा गुन्हेगार. म्हणजे ज्याला गुन्हा करायचाय, पण जमत नाही. सिनेमा कुठला, ते ओळखलंच असेल. ‘अशी ही बनवाबनवी’, १९८८. दिग्दर्शक सचिन पिळगांवकर. कथेचं मूळ हृषिकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’मध्ये आहे. पण मराठीतले संवाद वसंत सबनीसांचे, आणि आपली गोष्ट त्यांच्यापासूनच सुरू होते.

सबनीसांनी साठच्या दशकात एक वग लिहिला होता, ‘छपरी पलंगाचा वग’. पुढे तो ‘विच्छा माझी पुरी करा’ या नावानं गाजला आणि त्यातल्या हवालदारानं दादा कोंडके घराघरात पोचले. त्यातला चोर कोण? खुद्द कोतवाल! मैनावतीच्या नादानं तो राजाचा पलंग चोरायला निघतो आणि अडकतो. ज्याच्या हातात दंडुका, तोच चोर, आणि तोही अडाणी. प्रेक्षक त्याला मनसोक्त हसतात.

आता बनवाबनवी बघा. धनंजय मानेला आणि त्याच्या मित्रांना घरमालक सरपोतदार बाहेर काढतात. लीलाबाई काळभोरांना भाडेकरू हवेत जोडपी. मग परशा होतो पार्वती, सुधीर होतो सुधा. कडक नजरेनं पाहिलं तर ही तोतयेगिरी. त्या वेळच्या दंड संहितेत तोतयेगिरी करून फसवणाऱ्याला कलम ४१९ खाली ३ वर्षांपर्यंत कैद होती! पण इथं आपण त्या चौघांना हसत नाही, त्यांच्यासोबत हसतो. पदर घसरला की धडधड आपल्याला होते.

लेखणी तीच, मग फरक कुठून आला? कोतवालाकडे सगळं असून तो चोरी करतो. या चौघांकडे डोक्यावर छप्पर नाही. तेव्हा राज्यात १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा होता. भाडं वाढवणं अवघड, भाडेकरू काढणं त्याहून अवघड. म्हणून मालक खोली देतानाच माणूस चाळून घ्यायचे. २००० साली नवा कायदा लागू झाला. चाळणी मात्र तशीच राहिली.

हे मी ठामपणे सांगतोय, कारण त्या चाळणीखालून मीही गेलोय.

कॉलेजसाठी मी आणि माझा मित्र तालुक्याच्या गावाहून नाशिकला आलो. पाच ठिकाणी खोल्या पाहिल्या. सगळीकडे पहिला प्रश्न, ‘आडनाव काय?’ माझं ऐकून मालक हसायचे. त्याचं ऐकलं की खोली ‘कालच गेलेली’ असायची. सहाव्या ठिकाणी त्यानं माझंच आडनाव सांगितलं. आम्ही चुलतभाऊ झालो. काकूंनी खोली दिली, वर चहा पाजला.

आम्ही परशापेक्षाही कच्चे निघालो. तिसऱ्या महिन्यात त्याच्या खऱ्या नावानं कुरिअर आलं आणि काकूंनी सही करून घेतलं. पाकीट जिन्याच्या पायरीवर ठेवलं होतं, नावाची बाजू वर. काकू काहीच बोलल्या नाहीत. महिनाअखेरीला म्हणाल्या, ‘भाचा येतोय राहायला.’ सामान बांधताना मित्र म्हणाला, ‘साडी नेसलो असतो तर परवडलं असतं रे.’ मी हसलो. तो हसला नाही.

सिनेमात सोंग उघडं पडतं, तरी शेवट गोड होतो. पार्वतीची साडी उतरली की परशा पुन्हा परशा होतो, आणि त्या परशाला कुणाची हरकत नसते. माझ्या मित्राचं सोंग उतरलं तेव्हा खाली जे होतं, त्यालाच तर हरकत होती.

बनवाबनवी मी आजही पाहतो आणि पोट धरून हसतो. तुम्हीही बघा. फक्त लीलाबाई ‘जोडपीच हवीत’ म्हणतात तिथं सिनेमा क्षणभर थांबवा आणि स्वतःला विचारा, आपल्या सोसायटीत खोली मागायला कुणाला अजून सोंग घ्यावं लागतं?

भेटू पुढच्या भागात.