रिमोटमधला सेल

घर कोथरूडमधलं समजा. नारायण पेठेतलं समजलात तरी बिघडत नाही. माणसं जुळवलेली आहेत. दोन तासांचा हिशेब मात्र वैद्यकातला आहे.

सकाळी ९.४० (उरले २ तास ४० मिनिटं)

बाप्पा काल गेले. मखर उतरवणं चालू आहे. तपकीर गल्लीतून आणलेली एलईडीची पट्टी गुंडाळून झाली, तिचा पत्र्यासारखा चपटा रिमोट टीपॉयवरच राहिला.

१०.०५

थोरली, वय चार, आरतीच्या झांजा वाजवता वाजवता एक भिरकावते. ती थेट टीव्हीवर. वर काचेला चीर, खाली हिरवे-जांभळे पट्टे, आवाज मात्र सुरळीत. बातम्या चालूच.

एका क्षणात सगळं घर टीव्हीपुढे गोळा होतं. धाकटा, वय दीड वर्ष, टीपॉयपाशी एकटाच.

१०.१५

या रिमोटचा सेलचा कप्पा नखानं ओढला की बाहेर येतो. स्क्रू नाही, झाकण नाही. अमेरिकेत टेक्सासमधल्या रीस हॅमस्मिथ या दीड वर्षाच्या मुलीनं रिमोटमधला असाच सेल गिळला आणि डिसेंबर २०२० मध्ये ती गेली. तिच्या आईनं पाठपुरावा केला आणि २०२२ मध्ये तिच्याच नावानं कायदा झाला: कप्पा लहान मुलाच्या हातानं उघडता कामा नये. आपल्या टीपॉयवरच्या रिमोटला हे कोणी सांगितलेलं नाही.

१०.२० (उरले २ तास)

सेल तोंडात जातो, मग खाली. कोणी पाहिलेलं नाही.

त्यावर सीआर २०२५ लिहिलेलं असतं: व्यास २० मिलिमीटर, जाडी अडीच, ३ व्होल्ट. एवढा सेल लहानग्याच्या अन्ननलिकेत अडकून बसतो. तिथला ओलावा लागला की दोन्ही बाजूंमधून वीज वाहू लागते आणि ऋण बाजूला हायड्रॉक्साइड तयार होतं. तुंबलेल्या मोरीत आपण जो कॉस्टिक सोडा ओततो, त्याच्याच जातीचा हा दाह. सेल फुटायला नको, गळायलाही नको. ज्यानं दिवे लागेनासे झालेत, असा ‘संपलेला’ सेलही भाजायला पुरतो.

१०.३० ते ११.१५

हा पाऊण तास वॉरंटीचा. पुणेरी घरात वॉरंटी कार्ड बिलासकट प्लास्टिकच्या पिशवीत असतं, पिशवी कपाटात, आणि कपाटाची किल्ली आजोबांकडे. ते सगळं साग्रसंगीत बाहेर येतं. बाबा फोन लावतात. पलीकडचा माणूस शांतपणे सांगतो की आपटून किंवा मार लागून फुटलेलं पॅनल वॉरंटीत बसत नाही आणि नवं पॅनल टाकण्यापेक्षा नवा टीव्ही परवडेल. आजोबा बारीक अक्षरातल्या अटी मोठ्यानं वाचू लागतात. थोरलीला कोपऱ्यात उभं केलंय.

११.२५ (उरली ५५ मिनिटं)

धाकट्याची लाळ गळतेय. केळं पुढे केलं तर तोंड फिरवतो, थोडं खोकतो. “दाढा येतायत हो,” काकूचं निदान. चूक काढता येणार नाही. लक्षणं तशीच दिसतात, आणि कधी कधी तीही दिसत नाहीत.

११.५०

आजी आवराआवर करताना रिमोट उचलतात. कप्पा अर्धा बाहेर, आत काही नाही. “अगं, यातला सेल कुठे गेला?” सोफ्याखाली झाडू फिरतो. आजी झाडू थांबवतात आणि लाळेनं भिजलेल्या अंगरख्याकडे बघतात.

११.५५

डॉक्टर फोनवर: उलटी करवू नका, मुकाट्यानं निघा. मूल वर्षावरचं आहे आणि सेल गिळून बारा तास झालेले नाहीत, तेव्हा वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा. मध सेलवर थर धरतो, दाह मंदावतो. सेल काढायचं काम तो करत नाही. मधासाठी घरात थांबायचं नाही.

१२.२० (शून्य)

गाडी कर्वे रस्त्यावर नळस्टॉपच्या अलीकडे. दोन तासांत खोल भाजू शकतं. म्हणून जिथे दुर्बिणीनं सेल काढायची सोय आहे अशाच इस्पितळात जायचं असतं, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नाही.

दुपारी १.००

एक्स-रे. नाणं असेल तर कडा एकच दिसते. सेलला आतून दुसरी कडा दिसते. इथे दोन आहेत. भूल देतात, दुर्बीण घालतात, काळा पडलेला सेल बाहेर येतो.

सेल निघाला तरी दाह लगेच थांबत नाही. ऋण बाजू कुठल्या दिशेला होती हे डॉक्टर नोंदवून ठेवतात. पुढे असेल तर श्वासनळीला भोक पडायची भीती, मागे असेल तर मणक्याला धोका. शेजारून मोठी रक्तवाहिनीही जाते. मूल घरी जातं तेव्हा आईला सांगितलेलं असतं: पुढचे काही आठवडे उलटीत किंवा शीत रक्ताचा एक ठिपका जरी दिसला, तरी सकाळची वाट बघू नका.